वस्तूचा आगम : ब्रिटिश म्यूझियमच्या संग्रहावरून कांहीं विचार

लंडन येथील ब्रिटिश म्यूझियमचें नांव पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस नवें नाहीं. आजमितीस त्या संग्रहांत सुमारें ऐंशी लक्ष वस्तू असून त्यांपैकीं प्रेक्षकांसमोर मांडलेल्या वस्तू शेंकडा एकाच्या आसपास आहेत. तेथील दालनांचें वर्णन करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. त्यांची पुनरुक्ति करण्याचा आमचा हेतु नाहीं. प्रस्तुत लेखांत एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. जुनी वस्तु संग्रहांत आली एवढ्यानें ती इतिहासाचें साधन झाली काय, कीं तिला साधनत्व येण्यास आणखी कांहीं लागतें?

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहारप्रकरणांत ‘भोग’ व ‘आगम’ असे दोन शब्द योजिले आहेत. भोग म्हणजे प्रत्यक्ष ताबा. आगम म्हणजे क्रय, दान, वारसा इत्यादि ज्या मार्गानें वस्तु हातीं आली तो मार्ग. नुसता भोग दाखविणाऱ्यास ‘आगम काय?’ असें विचारतां येतें, आणि वतनांच्या तंट्यांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिलेला आमच्या वाचकांनीं महजरांत पाहिलेला आहे. हा शब्द आम्ही येथें थोड्या विस्तृत अर्थानें घेतों. वस्तु कोठें सांपडली, कोणीं काढली, तिच्या शेजारीं काय होतें, ती कोणाकडून कोणाकडे गेली व तिची नोंद केव्हां झाली, हा सगळा वृत्तांत म्हणजे वस्तूचा आगम. आमचें म्हणणें असें कीं, आगम नष्ट झाला म्हणजे वस्तु शाबूत असूनहि तिच्यांतील इतिहासाचा मोठा अंश नष्ट होतो. आगम राखल्याचीं व गमावल्याचीं अशीं दोन्ही प्रकारचीं उदाहरणें या संग्रहांत एका छपराखालीं पाहावयास मिळतात.

१. संग्रहाची उत्पत्ति

सर हान्स स्लोन हा लंडनमधील प्रख्यात वैद्य ११ जानेवारी १७५३ रोजीं वारला. त्यानें जन्मभर जमविलेल्या एकाहत्तर हजारांहून अधिक वस्तू, वारसांस वीस हजार पौंड द्यावे या अटीवर, राष्ट्रास देऊं केल्या होत्या. त्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा करून त्या स्वीकारल्या व द्रव्य उभें करण्यासाठीं सार्वजनिक सोडत काढिली. कॉटन व हार्ले या घराण्यांचे हस्तलिखितसंग्रह त्यांत मिळविण्यांत आले. १७५७ सालीं राजा दुसरा जॉर्ज यानें जुना राजग्रंथसंग्रह दिला. आणि १५ जानेवारी १७५९ रोजीं ब्लूम्सबरी भागांतील माँटेग्यू हाउस या वाड्यांत संग्रहालय उघडलें. आरंभीं ग्रंथ, हस्तलिखितें आणि सृष्टींतील नमुने यांचाच भरणा अधिक होता. पुराणवस्तूंस प्राधान्य मागाहून आलें.

ज्या द्रव्यावर हा मूळ संग्रह उभा राहिला त्याचाहि आगम सांगितला पाहिजे. स्लोनची पत्नी जमेका बेटांतील एका मळेवाल्याची विधवा होती, आणि तिच्याकडून येणारें उत्पन्न गुलामांच्या श्रमांवर उभें होतें. २०२० सालीं संग्रहालयानें स्लोनचा अर्धपुतळा मूळ जागेवरून हलवून ही हकीकत सांगणाऱ्या मजकुरासह मांडला.

पुढें संग्रह वाढला तसे त्याचे विभागहि झाले. १८२३ पासून रॉबर्ट स्मर्क याच्या आराखड्याप्रमाणें सध्यांची इमारत उठूं लागली. १८८१ सालीं सृष्टिविज्ञानाचा भाग साउथ केन्सिंग्टन येथें गेला. १९७३ सालीं ग्रंथविभाग वेगळा होऊन ब्रिटिश लायब्ररी ही स्वतंत्र संस्था झाली. ही शेवटची गोष्ट पोथ्यांच्या शोधकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. ब्लुमहार्ट यानें १९०५ सालीं ब्रिटिश म्यूझियममधील मराठी, गुजराती, बंगाली वगैरे हस्तलिखितांची वर्णनात्मक यादी प्रसिद्ध केली; त्या यादींतील मराठी पोथ्या आतां ब्रिटिश लायब्ररींत आहेत. संस्था बदलली, इमारत बदलली. परंतु पोथ्यांचे जुने क्रमांक कायम ठेवल्यामुळें शंभर वर्षांपूर्वींच्या यादीवरून आजहि त्यांचा माग काढतां येतो. नोंदीचा उपयोग तो हाच.

२. क्रमांकांत दडलेली तारीख

या संग्रहांतील बहुतेक वस्तूंवर एक क्रमांक घातलेला असतो. पुष्कळ विभागांत त्याची रचना अशी असते कीं, आधीं वर्ष, मग महिना व दिवस, आणि शेवटीं त्या दिवशींच्या नोंदींतील अनुक्रम. अमरावतीच्या शिल्पांचे क्रमांक ‘१८८०,०७०९’ या अंकांनीं सुरू होतात. म्हणजे त्यांची नोंद ९ जुलै १८८० या तारखेखालीं झाली. अंक लहान, पण त्यावरून नोंदवही काढतां येते व देणाऱ्याचें नांव कळतें. ज्या वस्तूस असा अंक नाहीं, ती तेथें कालपरवां आली कीं शंभर वर्षांपूर्वीं, हें सांगणारें दुसरें कांहीं नसतें.

सर्व संग्रहांत अधिक प्रसिद्ध जो रोझेटा शिलालेख, त्याचा आगम तर दगडावरच रंगविलेला आहे. त्याच्या एका कडेवर तो १८०१ सालीं ब्रिटिश सैन्यानें मिसरांत हस्तगत केल्याचें व दुसऱ्या कडेवर राजा तिसरा जॉर्ज यानें तो दिल्याचें इंग्रजी अक्षरांत लिहिलें आहे. जुलै १७९९ मध्यें नाईल नदीच्या मुखाजवळील रशीद गांवीं फ्रेंच सैनिक किल्ल्याचें काम करीत असतां हा दगड त्यांना भिंतींत सांपडला. १८०१ च्या तहानें तो इंग्रजांकडे आला व १८०२ पासून संग्रहालयांत आहे. टॉलेमी पांचवा या राजाच्या कारकीर्दींतील, इ. स. पूर्व १९६ या वर्षाचा तो धर्मगुरूंचा निर्णय आहे आणि तो चित्रलिपि, लौकिक मिसरी लिपि व ग्रीक अशा तीन प्रकारांनीं कोरलेला आहे.

येथें दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. पहिली ही कीं, सांपडण्याचें ठिकाण व मूळ ठिकाण नेहमीं एकच असतें असें नाहीं. हा लेख देवालयांत उभा करण्यासाठीं कोरला होता. भिंतींत तो केवळ बांधकामाचा दगड म्हणून पुढें कधींतरी चिणला गेला. दुसरी ही कीं, १८२२ सालीं चित्रलिपीचा उलगडा करणाऱ्या शांपोलियोंनें आपलें काम लेखाच्या नकलांवरून केलें. दगड लंडनांत होता आणि त्याचा वाचक पॅरिसांत. मिसरांत असतांनाच फ्रेंचांनीं शाईचे ठसे घेऊन ठेविले होते, आणि १८०२ सालीं लंडनच्या पुराणवस्तुसंशोधक मंडळीनें त्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृति काढून विद्यापीठांकडे पाठविल्या होत्या. मूळ वस्तु एकाच्या कब्जांत राहिली तरी तिची विश्वसनीय नक्कल सर्वांच्या हातीं जाऊं दिली, म्हणून विद्या पुढें गेली.

३. निनवेचा ग्रंथसंग्रह

हस्तलिखितांच्या संग्राहकांस सर्वांत जवळचा वाटेल असा भाग म्हणजे असुरिया देशाचा राजा असुरबनिपाल याचा ग्रंथसंग्रह होय. हा राजा इ. स. पूर्व सातव्या शतकांत होऊन गेला. मातीच्या ओल्या विटांवर टोंकदार लेखणीनें लिहिलेल्या या ग्रंथांचे तीस हजारांहून अधिक नग व तुकडे ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. इ. स. पूर्व ६१२ मध्यें निनवे नगर शत्रूंनीं जाळलें. कागद किंवा ताडपत्र असतें तर राख झाली असती; माती मात्र त्या आगींत भाजून अधिकच टिकाऊ झाली.

या विटांपैकीं पुष्कळांच्या शेवटीं, आमच्या पोथ्यांच्या पुष्पिकेसारखाच, समाप्तीचा लेख असतो. ग्रंथ कोणत्या मालिकेंतील कितवा, जुन्या प्रतीवरून उतरून ताडून पाहिला कीं नाहीं, आणि तो विश्वाचा व असुरियाचा राजा असुरबनिपाल याच्या वाड्यांतील आहे, इत्यादि मजकूर त्यांत आढळतो. म्हणजे आपल्या ग्रंथाचा आगम लिहून ठेवण्याची दक्षता त्या लेखकांनीं सव्वीसशें वर्षांपूर्वीं घेतली होती.

दुर्दैव असें कीं, ज्यांनीं हे ग्रंथ खणून काढिले त्यांनीं ती घेतली नाहीं. लेयार्ड यास १८४९-५० च्या सुमारास नैर्ऋत्येकडील वाड्यांत, व हर्मुझ्द रस्सम यास १८५३ च्या अखेरीपासून उत्तरेकडील वाड्यांत विटा सांपडल्या. कोणती वीट कोणत्या वाड्याच्या कोणत्या खोलींत होती याची टिपणें नीट न ठेवल्यामुळें दोन्ही वाड्यांतील ग्रंथ एकमेकांत मिसळून गेले. कुयुंजिक या टेकाडाच्या नांवाचें आद्याक्षर घालून त्यांवर अनुक्रमांक चढविण्यांत आले. पण क्रमांक घालणाऱ्यास जें मुळांत कळलेलें नव्हतें तें क्रमांकानें येणें शक्य नव्हतें. राजाच्या एका ग्रंथालयाची अंतर्गत रचना कशी होती, वैद्यक कोठें व ज्योतिष कोठें ठेवीत, या प्रश्नांचीं उत्तरें जागेवरच गेलीं.

तरीहि जें उरलें त्याची योग्यता लहान नाहीं. जॉर्ज स्मिथ हा नोटांचे ठसे कोरण्याचें काम शिकलेला गृहस्थ; त्यानें स्वतःच्या उद्योगानें ही लिपि आत्मसात् केली व म्यूझियममधील तुकडे जुळवितां जुळवितां जलप्रलयाची कथा त्यास वाचतां आली. ३ डिसेंबर १८७२ रोजीं त्यानें ती लंडनच्या विद्वत्सभेपुढें मांडली. बायबलांतील कथेशीं तिचें साम्य पाहून तेथें मोठी खळबळ उडाली. हा शोध उत्खननाच्या खड्ड्यांत लागलेला नसून संग्रहालयाच्या टेबलावर लागला. फुटके तुकडे टाकून न देतां जपून ठेवण्याचें हें फळ होय.

४. अमरावतीचे दगड

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा समुद्राकडे जातां जातां आंध्र देशांत जेथें अमरावतीस भेटते, तेथें एक विशाल स्तूप होता. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावि, ज्याच्या कारकीर्दींतील लेख नाशिकच्या लेण्यांत आहेत, त्याच्या नांवाचा उल्लेख अमरावतीच्या लेखांतहि आहे. त्यामुळें हा विषय महाराष्ट्राच्या अभ्यासकांस परका नाहीं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील जमीनदारानें नव्या बांधकामासाठीं स्तूपाचे दगड काढण्यास सुरुवात केली. कर्नल कॉलिन मॅकेंझी त्या सुमारास तेथें जाऊन आला आणि १८१६ सालीं पुन्हा जाऊन त्यानें नकाशे व शिल्पांचीं रेखाटनें करविलीं. १८४५ सालीं वॉल्टर इलियट यानें आणखी शिल्पें काढून मद्रासेस पाठविलीं. त्यांतील मोठा भाग १८५९ सालीं लंडनास रवाना झाला. तेथें हीं शिल्पें बराच काळ दुर्लक्षित पडून होतीं. फर्ग्युसन यानें त्यांचा अभ्यास करून तीं विद्वानांच्या नजरेस आणिलीं व १८८० सालीं तीं ब्रिटिश म्यूझियममध्यें आलीं. चेन्नईच्या सरकारी संग्रहालयांतहि या स्तूपाच्या शिल्पांचा मोठा समुदाय आहे.

त्यांपैकीं एक शिला फार बोधप्रद आहे. तिच्या एका अंगास बोधिवृक्ष व रिकामें आसन असें जुन्या पद्धतीचें शिल्प असून, कांहीं शतकांनीं तीच शिला उलटवून दुसऱ्या अंगास अलंकृत स्तूप कोरला आहे. पूर्वींच्या काळीं बुद्धाची मूर्ति न दाखवितां केवळ चिन्हांनीं त्याचें अस्तित्व सुचवीत. पुढें प्रत्यक्ष मूर्ति आली. हा पालट एकाच दगडाच्या दोन अंगांवर वाचतां येतो.

मॅकेंझीच्या रेखाटनांत असलेले कित्येक दगड आज कोठेंच नाहींत. ते चुन्याच्या भट्टींत किंवा बांधकामांत गेले. त्यांचें एकमेव अस्तित्व आतां त्या कागदांवर आहे. उलट पक्षीं, जे दगड लंडनांत किंवा चेन्नईंत सुखरूप आहेत ते स्तूपावर नेमके कोठें बसत, हें ठरवितांना त्याच कागदांचा आधार घ्यावा लागतो. वस्तु व तिचें टिपण यांपैकीं मोलाचें कोणतें, असा प्रश्न केल्यास अमरावतीच्या बाबतींत उत्तर देणें सोपें नाहीं.

५. एक भाषांतरित पत्र

आगमाचा प्रश्न जेथें सर्वांत तीव्र झाला आहे तें प्रकरण अथेन्स येथील पार्थेनॉन देवालयाच्या शिल्पांचें. तुर्की दरबारीं इंग्रजांचा वकील असलेल्या लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनीं १८०१ पासून पुढें कांहीं वर्षें तीं काढून नेलीं. १८१६ सालीं पार्लमेंटच्या समितीनें चौकशी केली व सरकारनें पस्तीस हजार पौंडांस तीं विकत घेतलीं. मूळच्या सुमारें १६० मीटर शिल्पपट्टापैकीं ७५ मीटर, व ९२ चौकोनी शिल्पांपैकीं १५, आज लंडनांत आहेत.

एल्गिनला परवानगी होती काय? मूळ तुर्की पत्र उपलब्ध नाहीं. उपलब्ध आहे तें त्याचें त्याच काळचें इटालियन भाषांतर. त्यांत शिल्पांचीं चित्रें व सांचे घेण्यास मोकळीक असून, कोरीव लेख किंवा आकृति असलेले दगडाचे कांहीं तुकडे नेण्यास हरकत करूं नये, अशा अर्थाचें वाक्य आहे. हे ‘तुकडे’ म्हणजे जमिनीवर पडलेले कीं भिंतींतून उचकटलेलेहि, यावर दोनशें वर्षें वाद चालला आहे. ग्रीस देश शिल्पें परत मागतो. म्यूझियमकडून सांगण्यांत येतें कीं, त्यांचें येणें त्या वेळच्या कायद्यास धरून होतें, आणि १९६३ च्या कायद्यानें संग्रहांतील वस्तु देऊन टाकण्यावर कडक निर्बंध आहेत. सनदेचा मजकूर, तिची अस्सल प्रत, भाषांतराची विश्वसनीयता व एका शब्दाचा अर्थ, या चार गोष्टींवर केवढा मोठा तंटा उभा राहूं शकतो हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं.

बेनिनच्या पितळी पत्र्यांचा आगम याहून उघड आहे. फेब्रुवारी १८९७ मध्यें इंग्रजी फौजेनें पश्चिम आफ्रिकेंतील बेनिन नगर घेतलें, राजवाडा लुटला व राजा ओवोनरामवेन यास हद्दपार केलें. त्या राज्यांतील नऊशेंहून अधिक वस्तू या एका संग्रहालयांत आहेत. १६६८ सालीं डॅपर या डच ग्रंथकारानें राजवाड्याच्या खांबांवर युद्धप्रसंगांचे पत्रे जडविल्याचें लिहिलें आहे. ते पत्रे कोणत्या क्रमानें लागत हें लुटीच्या वेळीं कोणीं टिपून ठेविलें नाहीं. ज्या वस्तू एका राजकुळाची बखर होत्या त्यांचीं पानें सुटीं होऊन अनेक देशांत विखुरलीं. येथें हानि दुहेरी आहे : वस्तु धन्याकडून गेली, आणि तिचा अर्थ सर्वांकडूनच गेला.

६. नोंद राखल्याचें फळ

आतां याच्या उलट उदाहरण पाहूं. इंग्लंडच्या सफोक परगण्यांतील सटन हू येथें १९३९ सालीं ईडिथ प्रिटी या बाईच्या जमिनींतील एक टेकाड खणण्यांत आलें. बेझिल ब्राउन या खोदणाऱ्यास प्रथम गंजलेले लोखंडी खिळे लागले. त्यानें ते उपटले नाहींत. जागच्या जागीं ठेवून भोंवतालची वाळू हळूहळू काढिली. लांकूड केव्हांच कुजून गेलें होतें, परंतु खिळ्यांच्या रांगांवरून व वाळूंतील ठशावरून सुमारें २७ मीटर लांबीच्या नौकेचा संपूर्ण आकार उघड झाला. नौकेंत शिरस्त्राण, ढाल, चांदीचीं भांडीं व एका थैलींतील ३७ सुवर्णनाणीं मिळालीं. नाणीं त्याच थैलींत होतीं हें निश्चित असल्यामुळेंच हें दफन सातव्या शतकाच्या पूर्वार्धांतील, असें म्हणतां येतें. चौकशीअंतीं या ठेव्यावर बाईंचा हक्क ठरला व त्यांनीं तो सर्व राष्ट्रास देऊन टाकला. खिळे उपटले असते तर मोडीच्या भावाचें लोखंड मिळालें असतें. ते न उपटल्यामुळें नाहींशी झालेली नौका पाहावयास मिळाली.

७. नोंद न केल्याचें फळ

ऑगस्ट २०२३ मध्यें ब्रिटिश म्यूझियमनें जाहीर केलें कीं, त्याच्या कोठारांतील कांहीं वस्तू नाहींशा, चोरीस गेलेल्या किंवा मोडतोड झालेल्या आढळल्या आहेत. त्यांची संख्या सुमारें दोन हजार भरली. मुख्यतः कोरीव खडे, सोन्याचे दागिने व कांचेचे लहान नग असा हा माल होता. २०२१ सालींच एका डॅनिश व्यापाऱ्यानें, अशा वस्तू बाजारांत विक्रीस येत असल्याची सूचना दिली होती. प्रकरण उघड झाल्यावर संचालकांनीं पद सोडलें. मे २०२४ पर्यंत सहाशेंहून अधिक वस्तू परत मिळाल्या.

एवढ्या मोठ्या संस्थेंत हें घडलें कसें? यांतील पुष्कळ वस्तूंची स्वतंत्र नोंद किंवा छायाचित्र नव्हतें. जी वस्तु वहींत नाहीं ती गेल्याचें वहीवरून कळत नाहीं. आणि ती परक्याच्या हातीं दिसली तरी आपली म्हणून सिद्ध करतां येत नाहीं. म्हणजे दुसऱ्यांनीं आगम विचारला असतां जी अडचण पडते तीच स्वतःच्या मालावर हक्क सांगतांना आड आली. ऑक्टोबर २०२३ मध्यें म्यूझियमनें पांच वर्षांत संपूर्ण संग्रहाची नोंद पुरी करून ती सर्वांस पाहतां येईल अशी ठेवण्याचा संकल्प प्रसिद्ध केला. स्थापनेनंतर दोनशें सत्तर वर्षांनीं करावा लागलेला हा संकल्प आहे.

८. आमच्याकडील विचार

याच शहरांतील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियममधून जुलै २०२४ मध्यें एक वाघनख तीन वर्षांच्या मुदतीनें साताऱ्यास प्रदर्शनासाठीं आलें. त्याच्या पेटीवरील लेखांत, तें शिवाजीमहाराजांचें असून ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतां पेशव्यांच्या कारभाऱ्यानें त्यास दिलें, असें म्हटलें आहे. महाराजांनीं अफजलखानास मारिलें तें १६५९ सालीं. ग्रँट डफ साताऱ्यास आला १८१८ सालीं. मधल्या दीडशेंहून अधिक वर्षांची सांखळी त्या लेखांत नाहीं, आणि हेंच तें शस्त्र असें निश्चितपणें सांगतां येत नाहीं, हें त्या संग्रहालयानेंहि नमूद केलें आहे. लोकांची श्रद्धा समजण्यासारखी आहे. परंतु एखाद्या दप्तरांत एक ओळीची नोंद राहिली असती तर श्रद्धेस प्रमाणाची जोड मिळाली असती.

२०१७ सालीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत, ब्रिटिश म्यूझियम व दिल्लीचें राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्यानें ‘भारत आणि जग’ या विषयावर प्रदर्शन भरलें होतें. निरनिराळ्या देशांतील समकालीन वस्तू तेथें शेजारीं शेजारीं मांडल्या होत्या. अशी तुलना शक्य होते ती प्रत्येक वस्तूचा काल व स्थल ठाऊक असतें म्हणूनच. आगम नसलेली वस्तु अशा पंक्तींत बसवितां येत नाहीं.

आमच्या संग्राहकांच्या हातीं अजूनहि जुन्या वाड्यांतून दप्तरें, पोथ्या, नाणीं व ताम्रपट येत आहेत. तेव्हां आम्ही एवढेंच सुचवितों. वस्तु कोणत्या गांवच्या, कोणत्या घराण्याकडून, कोणत्या तारखेस व विकत कीं देणगी म्हणून मिळाली, हें त्याच दिवशीं वहींत लिहावें. पोथीचें वेष्टन, फळ्या व आंत सांपडलेल्या चिठ्ठ्या फेंकूं नयेत. नाण्यांचा सांठा वांटून घेण्यापूर्वीं सबंध सांठ्याची यादी करावी. छायाचित्र घ्यावें व नोंदीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. आणि दप्तराच्या रुमालांत कागद कोणत्या क्रमानें होते, कोणता कागद कोणत्या पुडक्यांत होता, हें टिपण रुमाल सोडतांसोडतांच करावें. कागद एकदां विषयवार लावले म्हणजे तो क्रम पुन्हा हातीं लागत नाहीं.